बाजारची चव, घरची वाटी

दिवेलागणीची वेळ झाली की आपल्या देशातील कोणत्याही शहरात एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. गुवाहाटीत वा दिल्लीत मोमोंच्या पातेल्यातून वाफ निघत असते, कोचीत वा हैदराबादेत शावरम्याचा भोवरा विस्तवापुढे फिरत असतो, पुण्यात वा इंदुरात तळलेल्या बटाट्याच्या सळया कागदी पुड्यात पडत असतात. पदार्थ निरनिराळे, परंतु प्रत्येकाच्या कडेला एक इवलीशी वाटी मात्र सारखीच असते. तिच्यात कधी पांढरा, कधी गुलाबी, तर कधी लालभडक असा दाट सॉस असतो. घरातील मुलाला विचारून पाहावे. पुष्कळदा त्याला मूळ पदार्थापेक्षा ती वाटीच अधिक हवी असते. "आई, अजून एक वाटी माग ना," हे वाक्य ऐकले नाही असे घर आज विरळाच.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही. तोंडीलावण्याची हौस आपल्याला काही परदेशातून आलेली नाही. आपल्या पानाची डावी बाजू चटणी, कोशिंबीर, लोणचे आणि लिंबाची फोड यांवाचून कधी भरली आहे काय? बंगालमध्ये तळलेल्या माशाबरोबर मोहरीची कासुंदी हवीच असते. दार्जिलिंगकडे मोमोच्या शेजारी 'डल्ले' नावाच्या गोल मिरचीची तिखट चटणी येते. बदलले आहे ते एवढेच, की डावी बाजू आता उजवीकडे सरकली आहे आणि चिमूटभर खावयाचा पदार्थ वाटीभर खाल्ला जाऊ लागला आहे.

असे सॉस घरी करावेत काय, आणि करावयाचे तर कसे, हा या वेळचा आपला विषय आहे. उत्तर सोपे आहे: अवश्य करावेत. परंतु एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. 'घरी केले म्हणजे निर्धोक झाले' ही आपली समजूत नेहमीच खरी असते असे नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. स्वतःच्या चुकीवरून सांगत आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही जबलपूरला राहत होतो. मे महिना होता, आणि भाच्याचा वाढदिवस होता. बाजारचे नको, सारे घरीच करू, असा माझा आग्रह. सकाळी दहाच्या सुमारास मी अंड्यांचे पांढरे मेयॉनेज केले. अंडी ताजी होती, कवचे स्वच्छ धुतली होती, भांडी उकळत्या पाण्यातून काढली होती. सॉस असा सुरेख जमला की मी तो सर्वांना दाखविण्यासाठी टेबलावरच ठेवला. सायंकाळी पाच वाजता मुलांनी तो सँडविचला लावून मिटक्या मारीत खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या घरातील तिघांना आणि शेजारच्या दोन मुलांना ताप, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू झाले. सासूबाईंना तर रुग्णालयात नेऊन सलाइन लावावे लागले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सॉसमध्ये अंडे कच्चे होते काय?" त्याची प्रयोगशाळेत तपासणी झाली नाही, त्यामुळे दोष सॉसचाच होता असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. परंतु डॉक्टरांचा संशय त्याच्यावरच होता, आणि माझाही आहे. सर्वजण सुखरूप बरे झाले. शेजारच्या वहिनींनी मला एका शब्दानेही दुखावले नाही. तेच मला अधिक लागले.

दोष कोठे असतो?

मेयॉनेज म्हणजे तेल आणि पाणी यांचे घट्ट मीलन. एरवी हे दोन पदार्थ एकमेकांपासून दूर राहतात. परंतु तेलाचे अतिशय बारीक थेंब करून ते पाण्यात विखुरले, आणि ते पुन्हा एकत्र येऊ नयेत म्हणून त्यांच्याभोवती एखाद्या मध्यस्थ द्रव्याचे वेष्टन घातले, तर दाट, मऊ असे मिश्रण तयार होते. शास्त्रात याला पायस म्हणतात. दूध हेही निसर्गाने केलेले एक पायसच होय. मेयॉनेजमध्ये मध्यस्थीचे हे काम अंड्यातील पिवळा बलक करतो, कारण त्यात लेसिथिन नावाचे द्रव्य आणि प्रथिने असतात.

या मिश्रणाला कोठेही विस्तव लागत नाही, आणि अडचण आहे ती येथेच. साल्मोनेला नावाचे जीवाणू अंड्याच्या कवचावर असू शकतात. इतकेच नव्हे, तर त्यांचा एक प्रकार कोंबडीच्या बीजकोशातूनच अंड्याच्या आत शिरलेला असू शकतो. अशा वेळी कवच कितीही धुतले तरी उपयोग होत नाही. अंडे नीट शिजले म्हणजे हे जीवाणू मरतात. कच्चे राहिले तर जगतात, आणि उन्हाळ्याच्या दिवशी टेबलावर ठेवले तर झपाट्याने वाढतात. लिंबू वा व्हिनेगर घातले म्हणजे ते खात्रीने मरतात, असेही समजू नये. खाल्ल्यानंतर साधारणतः सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत केव्हाही त्रास सुरू होतो. लहान मुले, वृद्ध माणसे आणि गरोदर स्त्रिया यांना त्याचा धोका विशेष असतो.

ही काळजी केवळ घरापुरती नाही. केरळ राज्याने २०२३ च्या जानेवारीत कच्च्या अंड्यांच्या मेयॉनेजला मनाई केली. तेलंगणाने २०२४ च्या ऑक्टोबरअखेर आणि तामिळनाडूने २०२५ च्या एप्रिलात एकेक वर्षासाठी तशीच बंदी घातली. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ याच्या ३० व्या कलमान्वये राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांना सार्वजनिक आरोग्यासाठी एखाद्या पदार्थावर जास्तीत जास्त एक वर्षापर्यंत अशी बंदी घालता येते. परंतु आपल्या स्वयंपाकघरात कोणी निरीक्षक येत नाही. तेथे आयुक्तही आपणच आणि निरीक्षकही आपणच!

तेव्हा कच्चे अंडे वगळून तीच चव आणावयाची, हा आपला संकल्प. तो मुळीच अवघड नाही.

पहिला प्रकार : दुधाचा पांढरा सॉस

बलकाऐवजी येथे मध्यस्थाचे काम दुधातील प्रथिने करतात. साहित्य असे घ्यावे: उकळून गार केलेले सायीसकट दूध १०० मिलिलिटर, वास नसलेले शुद्ध केलेले तेल २०० मिलिलिटर, मोहरीची पूड अर्धा लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा, साखर एक लहान चमचा, मिरपूड चिमूटभर आणि व्हिनेगर वा लिंबाचा रस दोन लहान चमचे. दुधाच्या दुप्पट तेल, एवढे प्रमाण ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. तेल सूर्यफुलाचे वा सोयाबीनचे चालेल. घाण्याचे शेंगदाणा तेल किंवा मोहरीचे तेल घेतल्यास त्याचाच वास वर येतो.

दूध फ्रीजमधून काढलेले, चांगले थंड असावे. उभे, अरुंद भांडे घेऊन त्यात प्रथम दूध, मीठ, साखर, मिरपूड व मोहरीची पूड घालावी आणि वरून तेल ओतावे. हाताने धरावयाचे विजेचे घुसळणे घरात असल्यास ते भांड्याच्या तळाशी टेकवून सुरू करावे, आणि तळाशी पांढरे दाट मिश्रण दिसू लागल्यावर हळूहळू वर उचलावे. अर्ध्या-एक मिनिटात काम होते. साधा मिक्सर असेल तर लहान भांड्यात दूध व मसाला घेऊन ते फिरवीत असताना झाकणाच्या छिद्रातून तेलाची बारीक धार सोडावी. घाई करू नये. तेल एकदम ओतले तर थेंब बारीक होण्यापूर्वीच एकत्र येतात आणि सॉस फुटतो. मिक्सर सतत चालवू नये. भांडे तापते, आणि तापलेले मिश्रण पातळ होते. दहा-पंधरा सेकंद फिरवावे, थांबावे, पुन्हा फिरवावे. नुसत्या रवीने हा सॉस सहसा जमत नाही, हेही सांगून ठेवते.

व्हिनेगर मात्र अगदी शेवटी घालावे. आंबटपणाने दुधातील प्रथिने घट्ट होतात, आणि सॉस पाहता पाहता अधिक दाट होतो. आरंभीच घातले तर दूध नासून गुठळ्या होतील. तयार सॉस तासभर फ्रीजमध्ये ठेवल्यावर चमच्यावरून ओघळत नाही, असा व्हावा.

समजा, सॉस फुटला. तेल वर तरंगू लागले. तरी तो टाकून देऊ नये. स्वच्छ भांड्यात तीन मोठे चमचे थंड दूध घेऊन ते फिरवीत असताना फुटलेले मिश्रण चमचा-चमचा घालीत जावे. बहुधा ते पुन्हा जुळून येते.

अंडे खाणाऱ्या घरांतून अंड्याची चव हवी असल्यास, पूर्ण उकडलेल्या अंड्याचा घट्ट बलक दुधात कुस्करून घ्यावा आणि मग तेल घालावे. चव मिळते आणि धोका टळतो.

मोहरीविषयी एक शब्द. आपल्याकडे भरताला वा कोशिंबिरीला मोहरी फेसून लावण्याची जुनी चाल आहे. पाण्याच्या थेंबांबरोबर मोहरी वाटली की तिचा उग्रपणा जागा होतो आणि नाकात झिणझिण्या येतात. ही फेसलेली मोहरी या सॉसला पुडीपेक्षाही अधिक शोभते. शिवाय तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवण्यास तिचीही थोडी मदत होते. आपल्या आज्यांनी हे शास्त्र म्हणून सांगितले नाही, एवढेच.

एका सॉसचे चार सॉस

दुकानातील निरनिराळ्या नावांच्या वाट्यांमागे पुष्कळदा हाच एक पांढरा सॉस असतो. घरीही तसेच करावे. प्रत्येक वेळी पांढरा सॉस चार मोठे चमचे घ्यावा.

गुलाबी सॉससाठी त्यात एक मोठा चमचा टोमॅटो केचप, लहान चमचाभर बारीक चिरलेला कांदा आणि तेवढीच व्हिनेगरमध्ये मुरलेली काकडी मिसळावी. तंदुरी सॉससाठी एक लहान चमचा काश्मिरी मिरचीची पूड, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर काळे मीठ व गरम मसाला घालावा. पुदिन्याच्या सॉससाठी पुदिना-कोथिंबिरीची घट्ट वाटलेली चटणी मोठा चमचाभर घ्यावी. चटणीतील पाणी पिळून काढावे, नाहीतर सॉस पातळ होतो. मुलांना आवडणाऱ्या गोडसर सॉससाठी एक मोठा चमचा मध आणि एक मोठा चमचा फेसलेली मोहरी मिसळावी. मात्र एक वर्षाच्या आतील बाळाला मध असलेला कोणताही पदार्थ देऊ नये.

दुसरा प्रकार : चक्क्याचा सॉस

पांढऱ्या सॉसचा हिशेब एकदा उघडपणे मांडला पाहिजे. वरच्या प्रमाणात सुमारे वीस मोठे चमचे सॉस होतो, आणि त्यात १८० ग्रॅमहून थोडे अधिक तेल असते. म्हणजे दर मोठ्या चमच्यामागे सुमारे ९ ग्रॅम तेल आणि ८० हून अधिक कॅलरी पोटात जातात. तीन चमचे खाल्ले की पोळीएवढ्या नव्हे, तर दोन-तीन पोळ्यांएवढ्या कॅलरी झाल्या, आणि भूक मात्र भागली नाही! सणासुदीला हे ठीक. रोजच्या डब्याला नव्हे.

रोजच्यासाठी चक्का घ्यावा. श्रीखंडाला आपण करतो तसाच अर्धा किलो दह्याचा चक्का स्वच्छ, ओल्या फडक्यात बांधून चार तास फ्रीजमध्येच, खाली भांडे ठेवून निथळत ठेवावा. दही चांगले असल्यास सुमारे निम्मा चक्का मिळतो. तो चाळणीतून घासून मऊ करावा. त्यात एक मोठा चमचा तेल, अर्धा लहान चमचा फेसलेली मोहरी, पाव चमचा मीठ, एक चमचा साखर, मिरपूड आणि लसणाची एक ठेचलेली पाकळी घालून रवीने फेटावे. वरचे चारही प्रकार या चक्क्यातूनही होतात. तेल नाममात्र आणि दुधाची प्रथिने भरपूर, असा हा दुहेरी लाभ आहे. निथळलेले पाणी कणीक भिजविण्यास वा कढीला वापरावे.

तिसरा प्रकार : मोमोची लाल चटणी

डोंगराळ प्रदेशातून मैदानात उतरलेली ही चटणी आता सर्वांचीच झाली आहे. आठ-दहा सुक्या काश्मिरी मिरच्या, तीन लालबुंद टोमॅटो, सहा-सात लसूण पाकळ्या आणि बोटाच्या पेराएवढे आले घ्यावे. मिरच्यांच्या बिया काढाव्यात. रंग येतो आणि जाळ कमी होतो. मिरच्या व टोमॅटो बुडतील इतक्या पाण्यात दहा मिनिटे उकळावे, टोमॅटोची साले काढावी, आणि गार झाल्यावर लसूण-आल्यासह अगदी बारीक वाटावे. दोन लहान चमचे तेलात हे वाटण पाच-सात मिनिटे परतावे. त्यात एक चमचा साखर, एक चमचा व्हिनेगर, एक चमचा सोया सॉस आणि चवीपुरते मीठ घालावे. सोया सॉस स्वतःच खारट असतो, म्हणून मीठ शेवटी, चाखून घालावे. प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे लहान चमचाभराच्या आतच मीठ खावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आणि तोंडीलावणी या मर्यादेत गुपचूप हात घालतात.

ठेवावे कसे?

माझी जबलपूरची चूक निम्मी कच्च्या अंड्याची असेल, तर निम्मी टेबलावरील सात तासांची होती. म्हणून हा भाग कृपा करून वगळू नये.

दुधाचा वा चक्क्याचा सॉस झाल्याबरोबर झाकून फ्रीजमध्ये ठेवावा. दुधाचा सॉस तीन-चार दिवसांत आणि चक्क्याचा दोन-तीन दिवसांत संपवावा. लाल चटणी शिजलेली असल्यामुळे आठवडाभर राहते. काढताना कोरडा, स्वच्छ चमचा वापरावा. खाता खाता वाटीत उरलेला सॉस पुन्हा बरणीत ओतू नये. दुधाचा सॉस बर्फाच्या कप्प्यात गोठवू नये, तो फुटतो. पानावर मांडलेला सॉस दोन तासांहून अधिक बाहेर राहू देऊ नये, आणि आपल्याकडील कडक उन्हाळ्यात तर एका तासाहून अधिक नको. घरी समारंभ असेल तर मोठे भांडे बाहेर न ठेवता लहान वाटी भरून आणावी, ती बर्फाच्या परातीत बसवावी, आणि संपल्यावर नवी वाटी भरावी. काही गावांतून वीज तासन्‌तास जाते. अशा दिवशी फ्रीज उघडझाप न करता बंद ठेवावा. तरीही चार तासांहून अधिक काळ वीज नसेल तर त्यातील सॉसचा मोह सोडावा.

आणखी एक महत्त्वाची सूचना. कित्येक घरांतून लसणाच्या पाकळ्या तेलात बुडवून ती बाटली ओट्यावर ठेवण्याची पद्धत सुरू झाली आहे. ती सोडून द्यावी. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि अशा जागी बोट्युलिझम या घातक विषबाधेचे जीवाणू वाढू शकतात. त्याला वासही येईलच असे नाही. लसणाचे तेल हवे असल्यास थोडे करावे, फ्रीजमध्ये ठेवावे आणि चार दिवसांच्या आत संपवावे.

इतके करूनही कोणास जुलाब-उलट्या झाल्याच, तर जलसंजीवनी, म्हणजे ओआरएसचे पाणी थोडे थोडे पाजीत राहावे. ताप चढला, शौचातून रक्त पडले, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल दिसू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे.

शेवटी

बाजारची प्रत्येक वाटी वाईट असते असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. बंद पाकिटातील बिनअंड्याचे सॉस सर्वत्र मिळतात. ते घेताना पाकिटावरील चौदा अंकी परवाना क्रमांक, 'या तारखेपूर्वी वापरावे' हा मजकूर आणि मीठ-साखरेचे आकडे वाचण्याची सवय मुलांनाच लावावी. गाडीवर सॉस उघडा, कोमट आणि पिवळसर दिसला, तर "वाटी नको, नुसते मोमो द्या," असे म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही.

आमच्या भाच्याला आता मिसरूड फुटले आहे. गेल्या वाढदिवसाला त्याने स्वतःच दुधाचा सॉस केला. पहिल्या वेळी तो फुटला. दुसऱ्या वेळी त्याने तेलाची धार बारीक धरली आणि जमला. मग त्याने ती वाटी तडक फ्रीजमध्ये ठेवली आणि दारावर कागद चिकटवला: "आत्यासाठी सूचना : टेबलावर ठेवू नये." सारे हसले, मीही हसले. सासूबाईंनी मात्र वाटी जवळ ओढून घेतली, दोन सळया बुडवून खाल्ल्या आणि म्हणाल्या, "आता निर्धास्त खाते हो."

वाचकहो, आपल्या घरातील आजीलाही तसेच म्हणता यावे, एवढ्यासाठीच हा खटाटोप. येत्या रविवारी ओट्यापाशी एकट्या गृहिणीने उभे राहू नये. तेलाची धार मुलांच्या हाती द्यावी, चक्का बांधण्याचे काम घरच्या पुरुषमंडळींकडे सोपवावे, आणि पहिला घास सर्वांनी मिळून घ्यावा.